वाचकांचे प्रश्न : नणंदेचा सोल माझ्या चपलेत

मागच्या अंकात गुडघ्याच्या झिजेवर चार ओळी काय लिहिल्या, टपालाचा ढीग लागला. निम्म्या पत्रांचा सूर एकच: शेजारणीला ज्यानं बरं वाटलं, त्यानं मला का नाही? म्हणून या वेळी पायांच्या आकाराबद्दलचीच पत्रं निवडली आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नाही. सोलापूरच्या नवी पेठेतल्या दोन खोल्यांत अठ्ठावीस वर्षं लोकांना चालायला लावून मागून बघते आहे. मागूनच. समोरून बघितलं की माणूस लगेच नीट चालायला लागतो.

प्रश्न : माझं वय ५८. मी आणि माझ्या नणंदेनं एकाच ओट्यावर बसून तीस वर्षं विड्या वळल्या. दोघींनाही डॉक्टर म्हणाले, गुडघ्याची झीज आहे. तिचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेत. माझे गुडघे उलट चालताना एकमेकाला घासतात, पातळ तिथंच विरतं. तिला चपलेत घालायला एका कडेनं जाड असलेला सोल दिला होता. तिला बरं वाटलं, म्हणून तिनं तसलीच जोडी मला आणून दिली. पंधरा दिवसांत माझं दुखणं लई वाढलं. खोट सोलमध्ये आहे का माझ्यात? (पत्र नातीनं लिहिलंय.) — विडी घरकुल, कुंभारी

उत्तर : ताई, आधी तो सोल काढा. पुढचं नंतर वाचा.

खोट कुणातच नाही. नातीला समोर बसवा आणि तुमच्या खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत विडीचा दोरा ताणून धरलाय असं समजा. पाय सरळ असेल तर हा दोरा गुडघ्याच्या जवळजवळ मधून, जरासा आतल्या अंगानं जातो. म्हणून सरळ पायाच्या माणसाच्याही गुडघ्यात चालताना आतल्या बाजूवर साधारण ६० ते ७० टक्के भार येतो. नणंदबाईंचे गुडघे बाहेर गेले, म्हणजे त्यांचा दोरा आणखी आत सरकला आणि बहुतेक भार आतल्या कुर्च्यावर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणावर आला. तुमचे गुडघे आत आले, तेव्हा तुमचा दोरा बाहेरच्या बाजूनं जातो. कागदावर दोघींच्या नावापुढं एकच शब्द लिहिलाय, पण त्यांचा गुडघा आतून झिजलाय आणि तुमचा बाहेरून. डॉक्टर त्यांच्या पायाला व्हॅरस म्हणतील, तुमच्या पायाला व्हॅल्गस. आपल्याकडं व्हॅरस जास्त दिसतो, त्यामुळं दुकानात सहज मिळणारी वस्तू बहुतेक त्याच पायासाठी केलेली असते.

आता तो सोल. तो बाहेरच्या कडेला जाड असतो, म्हणजे एक पाचरच. टाच थोडी कलते आणि भार आतल्या बाजूवरून बाहेर ढकलला जातो. नणंदबाईंसाठी ही कल्पना बरोबर होती. तुमच्या बाबतीत जी बाजू आधीच घासली गेली आहे, तिच्यावरच आणखी ओझं टाकलं. आणि खरं सांगायचं तर त्या पाचरेचंही फार कौतुक करण्यासारखं नाही. २०१३ साली अनेक चाचण्या एकत्र करून तपासल्या, तेव्हा साध्या सपाट सोलच्या तुलनेत पाचरेनं दुखणं विशेष कमी होत नाही असं दिसलं. नणंदबाईंना बरं वाटतंय ना? मग त्यांनी खुशाल घालावी.

पाय कुठल्या बाजूला कलला आहे याला इतकं महत्त्व का, तेही सांगते. अमेरिकेत २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गुडघ्याची झीज असलेल्या लोकांना १८ महिन्यांनी पुन्हा तपासलं. ज्यांचे पाय बाहेर वाकलेले होते त्यांच्यात आतली बाजू आणखी झिजण्याची शक्यता सुमारे चौपट निघाली. ज्यांचे गुडघे आत होते त्यांच्यात बाहेरची बाजू झिजण्याची शक्यता जवळजवळ पाचपट. वाकलेपणानं झीज वाढते आणि झिजेनं वाकलेपण वाढतं, असं ते चक्र आहे.

एकाच ओट्यावर बसून दोघींचे पाय दोन दिशांना कसे गेले, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. खाली बसून काम केल्यानं गुडघ्यावर ताण येतो हे खरं. कुठल्या बाजूला वाकायचं ते मात्र ओटा ठरवत नाही. मूळ हाडांची ठेवण, लहानपणीचा मुडदूस, कधीतरी झालेली पडझड, वजन, असं बरंच काही त्यात असतं. तुमच्या बाबतीत एक गोष्ट तपासून घ्यायला हवी. सकाळी उठल्यावर हाताची बोटं तासभर तरी आखडलेली असतात का? बोटांची पेरं सुजतात का? दुसऱ्या जातीचा, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात असेल, तर गुडघे असे आत येताना आम्ही बघतो. त्याची औषधं वेगळी असतात. तसं काही असेल तर नुसत्या व्यायामावर राहू नका, रक्त तपासून घ्या.

इथं माझीच एक चूक कबूल करते. पहिली दहा वर्षं गुडघ्याच्या प्रत्येक पेशंटला मी एकच छापील कागद देत असे. मांडीच्या पुढच्या स्नायूचे पाच व्यायाम, खाली माझी सही. काही जण पेढे घेऊन येत, काही परत येतच नसत. परत न येणाऱ्यांना मी आळशी समजत होते. मग २००८ सालचा ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास वाचनात आला. मांडीचा तोच व्यायाम बारा आठवडे दिला, तर ज्यांचे पाय बऱ्यापैकी सरळ होते त्यांचं दुखणं कमी झालं. ज्यांचे जास्त वाकलेले होते त्यांना तसा गुण आला नाही. त्या दिवशी कपाटातला उरलेला गठ्ठा मी रद्दीत दिला.

तेव्हा व्यायाम बंद नाहीत, पण ते तुमच्या पायाचे हवेत. भिंतीला हात लावून पाय बाजूला उचलायचा, म्हणजे खुब्याच्या बाजूचा स्नायू. खुर्चीवरून उठताना गुडघे आत पडू द्यायचे नाहीत, आरशात बघत उठायचं. विडी वळायला ओट्यावर नका बसू. खुर्चीवर बसा, सूप मांडीवरच ठेवा, पान-तंबाखूचं टोपलं समोर स्टुलावर घ्या. पहिला आठवडा हात मंदावेल आणि हजार भरायला वेळ लागेल, हे मला माहीत आहे. माझी आई विडीवालीच होती.

प्रश्न : आडवं झोपवून काढलेल्या एक्स-रेवर 'ग्रेड २' असं लिहून आलं. महिन्याभरात दुसरीकडं उभं करून काढला, तर 'ग्रेड ४, गॅप संपला'. मला दोघांपैकी एक जण फसवतोय असं वाटतं. तसंच माझ्या दोन गुडघ्यांमध्ये चार बोटं गॅप आहे आणि तो वाढतोय. मग गॅप संपला कसा? — निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : सर, तुमचे गॅप दोन आहेत. सोलापुरात निम्मे लोक 'गुडघ्यात गॅप पडलाय' म्हणतात आणि ते बरोबर उलटं असतं. एक्स-रेवर कुर्चा दिसत नाही. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये जी काळी पट्टी दिसते, तीच कुर्च्याची जागा. कुर्चा झिजला की ती पट्टी अरुंद होते. म्हणजे आतला गॅप कमी झाला की दुखणं. पाय जोडून उभं राहिल्यावर दोन गुडघ्यांमध्ये पडतो तो बाहेरचा गॅप, आणि तो वाढतो. आतल्या बाजूचा कुर्चा गेला की पाय तेवढा आणखी बाहेर वाकतो. तुमच्या आत संपलेला गॅप बाहेर निघालाय म्हणा ना.

फसवलं कुणीच नाही. आडवं झोपल्यावर अंगाचा भार गुडघ्यावर नसतो, हाडं सुटी राहतात, पट्टी रुंद दिसते. उभं राहिलात की हाडं एकमेकांवर टेकतात आणि खरी अवस्था दिसते. म्हणून झिजेसाठी एक्स-रे उभं राहूनच काढायचा असतो. चिठ्ठीवर तसं लिहिलेलं नसेल, तर तिथल्या माणसाला स्वतः सांगा.

ग्रेडबद्दल एक. ही ० ते ४ ची पायरी केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी १९५७ साली मांडली. अजून तीच चालते. तुम्ही शिक्षक, तुम्हाला चटकन कळेल. तो प्रगतिपुस्तकावरचा एकूण शेरा आहे, कुठल्या विषयात नापास ते त्यात नाही. आतून झिजलंय का बाहेरून, पाय किती अंश वाकलाय, हे ग्रेड सांगत नाही. ग्रेड ४ वाला माणूस मंडईतून दोन पिशव्या आणतो आणि ग्रेड २ वाला रात्रभर तळमळतो, हेही मी बघितलंय.

वाकलेपण मोजायचं तर खुब्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण पायाचा, उभ्यानं काढलेला एक्स-रे लागतो. त्याला इथं सगळे स्कॅनोग्राम म्हणतात. मांडीच्या हाडाच्या गोळ्याच्या मध्यापासून गुडघ्याचा मध्य आणि तिथून घोट्याचा मध्य अशा दोन रेघा मारायच्या. त्यांच्यातला कोन १८० अंश आला तर पाय सरळ. तीनेक अंशांचा फरक सरळमध्येच धरतात. एक जपायचं. गुडघ्याची वाटी नेमकी समोर हवी. पाऊल बाहेर फिरवून उभे राहिलात, किंवा गुडघा पुरता सरळ होत नसताना फोटो काढला, तर कोन खोटा येतो. घरी आरशापुढं बोटं मोजतानासुद्धा हेच. दुखतंय म्हणून सरसकट सगळ्यांनी स्कॅनोग्राम काढत सुटू नका. ऑपरेशनचा विचार असेल किंवा पाय झपाट्यानं वाकत असेल तेव्हाच त्याचा खरा उपयोग.

आणि सर, फिल्म गादीखाली ठेवू नका. तुमच्याच कॉलनीतल्या एकांनी आणलेल्या फिल्मवर गुडघ्यापेक्षा घड्याच जास्त होत्या.

प्रश्न : वय ४६. यंत्रमागावर बारा तास उभा असतो. वीस वर्षांपूर्वी कबड्डीत उजवा गुडघा गेला, आतली गादी काढावी लागली. आता तोच पाय बाहेर वाकलाय, डावा ठीक आहे. सांधा बदलायला वय कमी आहे म्हणतात. मग साठ वर्षांपर्यंत काय करू? — अक्कलकोट रोड

उत्तर : दादा, तुम्हाला समजावणं मला सोपं आहे. माझे वडील मागावरच होते. बीम, म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ, जरा तिरका बसला की काय होतं? सगळे धागे सारखे तुटत नाहीत. ज्या काठाला ताण जास्त, तिथले आधी तुटतात. तुम्ही दिवसभर तुटलेले धागे सांधत बसलात तरी काठ पुन्हा तुटणार, कारण बीम तिरकाच आहे. तुमच्या उजव्या गुडघ्याचं तेच झालंय. आतली गादी काढल्यावर त्या बाजूचा आधार गेला, कुर्चा घासला, पाय कलला.

बीम सरळ करण्याचं एक ऑपरेशन आहे. सर्जनला 'हाय टिबियल ऑस्टिओटॉमी' असं विचारा. नडगीच्या हाडाला वरच्या टोकाशी काप देतात, कोन बदलतात आणि पट्टी-स्क्रूनं पक्कं करतात. भाराची रेघ झिजलेल्या आतल्या बाजूवरून चांगल्या बाहेरच्या बाजूकडं सरकते. सांधा तुमचाच राहतो. हे अशाच माणसासाठी आहे ज्याचं वय कमी, कष्टाचं काम, झीज एकाच बाजूला आणि गुडघा बऱ्यापैकी वाकतो. बाहेरची बाजूही गेली असेल तर उपयोग नाही. हाड जुळायला काही महिने जातात, तेवढे दिवस मागावर कोण उभं राहणार ते मालकाशी आधी बोलून ठेवा. आणि खिशातली पुडी सोडावी लागेल. तंबाखूनं हाड जुळायला उशीर होतो. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही, स्क्रू घातलेलं हाड न जुळलेली माणसं माझ्याकडं येतात म्हणून सांगते.

तोवर एक बघा. चालताना पाऊल टेकलं की गुडघा बाहेरच्या बाजूला लचकतो का? मुलाला मागून मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. तसं होत असेल तर थांबू नका, लवकर दाखवा. नुसत्या वाकलेल्या पायापेक्षा असा लचकणारा पाय जास्त वेगानं झिजतो.

प्रश्न : नातू दीड वर्षाचा आहे. त्याचे पाय कमानीसारखे. माझेही तसेच आहेत आणि मी गुडघ्यानं बेजार. त्याला माझं लागलंय का? मालीशवाली पाय बांधून ठेवायला सांगते. — आजी, मुरारजी पेठ

उत्तर : आजी, बांधू नका. या वयात पाय बाहेर वाकलेलेच असतात. दोन वर्षांच्या आसपास ते सरळ होतात. तीन-चार वर्षांचा झाला की उलटे, गुडघे आत आलेले दिसतील, तेव्हा पुन्हा घाबरून पत्र लिहू नका. सातव्या वर्षापर्यंत ठेवण बसते. एकच पाय वाकडा असेल, दोन वर्षांनंतरही कमान वाढतच असेल किंवा तो लंगडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते ड जीवनसत्त्व वगैरे तपासतील. मालीश करा, तिनं मूल छान झोपतं.

प्रश्न : आई ६९ वर्षांची, सोलापुरात एकटी राहते. दोन्ही गुडघे बदलायचे ठरलंय. एक सर्जन म्हणतात पाय एकदम सरळ करू. दुसरे म्हणतात, त्यांचा पाय मुळात थोडा वाकलेलाच असणार, तो तसाच ठेवू, रोबोनं करू. कुणाचं ऐकू? — पुण्याहून

उत्तर : दोघंही खरं बोलताहेत. पूर्वीपासूनची पद्धत म्हणजे भाराची रेघ गुडघ्याच्या मधून जाईल असा पाय सरळ करायचा. तसे लावलेले सांधे वर्षानुवर्षं टिकलेत. पण २०१२ साली बेल्जियममधल्या डॉक्टरांनी २५० निरोगी तरुणांचे पाय मोजले. वय वीस ते सत्तावीस, दुखणं काही नाही. त्यातल्या ३२ टक्के मुलांचे आणि १७ टक्के मुलींचे पाय ३ अंश किंवा त्याहून जास्त बाहेर वाकलेले निघाले. झीज नव्हती, ठेवणच तशी. तेव्हापासून प्रश्न आला की ज्याचा पाय जन्मभर वाकलेला, त्याला साठी-सत्तरीत ओढून सरळ का करायचं? २०२१ मध्ये तर गुडघ्याच्या ठेवणीचे नऊ प्रकार मांडले गेले. पाय कुठं कललाय आणि सांध्याची रेघ कशी तिरकी आहे, या दोन गोष्टींवरून.

रोबो हे हत्यार आहे. ठरलेल्या अंशात काप देण्याचं काम तो चोख करतो. किती अंश, ते सर्जनच ठरवतो. म्हणून यंत्राचं नाव न विचारता असं विचारा: 'आईचा आजचा कोन किती, त्यातला मूळचा किती आणि झिजेनं आलेला किती, आणि तुम्ही कितीवर आणून ठेवणार?' जो डॉक्टर स्कॅनोग्राम समोर धरून याचं उत्तर देईल, त्याच्याकडं जा. आईचं जुनं, लग्नातलं किंवा साडी नेसून उभं राहिलेलं छायाचित्र शोधू नका. पातळात काही दिसत नाही. एका चिरंजीवांनी मला पाच अल्बम आणून दाखवले होते.

दोन गुडघ्यांमध्ये किती दिवसांचं अंतर ठेवायचं, तेही विचारून ठेवा. एकच पाय सरळ झाला आणि दुसरा वाकलेला राहिला, की पेशंटला नवा पाय लांब वाटतो. माझ्याकडं आलेल्या एक काकू तीन महिने म्हणत होत्या, 'डॉक्टरनं बोटभर जास्त घातलाय.' काही जणींचा तर एक पाय आत आणि दुसरा बाहेर कललेला असतो. त्याला डॉक्टर विंडस्वेप्ट म्हणतात. मला मात्र तेव्हा पौषातल्या वाऱ्यात एकीकडं झुकलेली ज्वारीच दिसते.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा. वीस वर्षं कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जातो. आता दोन्ही गुडघे बाहेर वाकलेत, आतून दुखतात. घरचे नको म्हणतात. तुम्ही सांगाल ते ऐकेन. — बुधवार पेठ

उत्तर : पंचेचाळीस किलोमीटर एका दमात नको. एवढं घरच्यांच्या बाजूनं. बाकी तुमच्या बाजूनं.

अजून वेळ आहे. आजपासून रोज चालायला लागा, दुखणं दुसऱ्या दिवसापर्यंत उरलं तर अंतर कमी करा. वजन जास्त असेल तर उतरवा. १ किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोनं कमी होतो, आणि पंचेचाळीस किलोमीटरची पावलं तुम्हीच मोजा. त्या रात्री अर्धी वाट गाडीनं जा आणि शेवटचे जमतील तेवढे किलोमीटर चाला. नवी चप्पल घालू नका, पण बाहेरच्या कडेनं घासून तिरकी झालेली जुनीही नको. काठी जास्त दुखणाऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि आणखी कलतात.

खरी अडचण रस्त्यावर नाहीच. तुळजापूरला देवळात जायला पायऱ्या उतराव्या लागतात, आणि रात्रभर चाललेल्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. महाद्वारापाशी अर्धा तास बसा, पाणी प्या. मग कठड्याच्या बाजूनं, उतरताना दुखरा पाय आधी खाली. दर्शन घेऊन वर येताना चांगला पाय आधी. मागून रेटारेटी झाली तर बाजूला होऊन थांबा. परत येताना एसटीनंच या.